कुत्र्याला चिकू चालतो का, डॉक्टरबाई?

डहाणूत जनावरांची डॉक्टर म्हणून वीस-बावीस वर्षं काढली की बाईला खासगी आयुष्य उरत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई श्रीखंडाचा घास हातात धरून म्हशीची वार अडकल्याबद्दल विचारते. एकदा मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडले होते. त्यांनी हातातलं यंत्र थांबवलं, मास्क खाली केला आणि विचारलं, आमच्या कुत्र्याला चिकू चालतो का हो? माझ्या तोंडात कापसाचे तीन बोळे. मी कसलातरी हुंकार काढला. त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. लोकांना या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच ऐकायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांचाही दोष नाही. आमच्याकडे चिकू हे फळ नाही, हवामान आहे. घोलवडपासून डहाणूपर्यंत कुणाच्याही घरी जा, निघताना हातात पिशवी येते. मग ते चिकू घरात पिकतात, सगळे एकाच दिवशी पिकतात, आणि घरातली माणसं तोंड फिरवू लागली की सगळ्यांची नजर कुत्र्याकडे वळते.

माझं माहेर नाशिककडचं. द्राक्षं कुत्र्याला विषासारखी असतात, मूत्रपिंडं निकामी करतात, हे मला चांगलं माहीत होतं. कॉलेजच्या पुस्तकात यादीच होती: चॉकलेट नको, कांदा नको, द्राक्षं आणि मनुका तर अजिबात नकोत. चिकूचं नाव त्या यादीत नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावात चिकूचं झाड नसणार. त्यामुळे इथे आल्यावर मला उत्तर स्वतःच तयार करावं लागलं, आणि ते मी पहिली काही वर्षं फार तोऱ्यात देत असे.

रेल्वेतले एक साहेब होते. त्यांचा ब्रूनो नावाचा लॅब्राडोर, साहेबांसारखाच भारदस्त. साहेबांना उत्तर लेखी हवं होतं. मी लिहून दिलं: 'पिकलेल्या चिकूचा गर मर्यादित प्रमाणात चालतो.' चार दिवसांनी साहेब दारात उभे. ब्रूनोने एका बैठकीत अकरा चिकू खाल्ले होते आणि साहेब सकाळपासून दर अर्ध्या तासाने त्याला घेऊन मैदानात जात होते. मी म्हटलं, मर्यादित असं लिहिलं होतं ना? साहेब म्हणाले, "मॅडम, मर्यादा किती ते तुमच्या पत्रात नमूद नाही." चूक माझीच होती. तेव्हापासून मी आकडा सांगते: मोठ्या कुत्र्याला एखाद-दुसरी फोड, छोट्याला बोटाच्या पेराएवढी, आणि साखरेचा आजार असलेल्याला वासही नको. कच्चा चिकू कुणालाच नको. त्यात चीक असतो, तो टाळूला डिंकासारखा चिकटतो.

इतकं सांगून मी थांबत असे. आणखी काही सांगायचं असतं, हे मला कैनाडच्या लखमीने शिकवलं. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

माझं खरं काम गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचं. सकाळी तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवायचं, दुपारी कोंबड्यांना लस टोचायची. कुत्री म्हणजे वरकड. चिखले गावातल्या एका बागेत मी जायचे तीही तिथल्या दोन गीर गाईंसाठी. मालक परगावी राहतो. बाग सांभाळतात रमणभाई, घरी गुजराती, कामगारांशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. बागेच्या एका टोकाला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात आणि दुसऱ्या टोकाला चिकूचं शेड. तोडलेला चिकू तिथे येतो, धुतला जातो, मग बायका ओळीने बसून त्याची प्रतवारी करतात. लहान, मध्यम, मोठा, डागी.

लखमी त्या ओळीत पहिली बसते. पन्नाशीची, काटकुळी, बोलायला काटकसरी. तिची प्रतवारी बघणं हा माझा आवडता खेळ होता. नजर समोरच्या बाईकडे, गप्पा घरच्या भाताच्या, आणि दोन हात चिकू उचलून चार क्रेटांत टाकतायत. एकदा मी गंमत म्हणून तिच्या 'मोठा'मधून एक चिकू उचलून 'मध्यम'मध्ये ठेवला. तिने मागे न बघता हात घातला, तो काढला आणि परत मोठ्यात टाकला. मला म्हणाली, "बाय, तुला काम नाय का?" आमच्याकडच्या पाड्यांवरची माणसं सगळ्यांना 'तू' म्हणतात, साहेबांनाही. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं.

तिच्यासोबत रोज कैनाडहून तिचा कुत्रा यायचा, भुऱ्या. कान एक उभा, एक पडका. दिवसभर शेडमागच्या एका झाडाखाली असायचा आणि पडलेले चिकू खायचा. वर्षानुवर्षं खात होता. मी लोकांना जे 'चालतो' म्हणून सांगत होते, त्याचा माझ्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा हाच.

एका रविवारी दुपारी मी गाई बघून हात धूत होते. खोल्यांमध्ये मुंबईचे पाहुणे आले होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, डॉक्टर, कुत्र्याला चिकू चालतो का? समोर आठ-दहा माणसं, दोघांचे मोबाईल माझ्याकडे रोखलेले. शाळेत असताना स्नेहसंमेलनात झाशीची राणी केल्यापासून मला प्रेक्षक दिसले की काहीतरी होतं. मी म्हटलं, बघाच. एक पिकलेला चिकू घेतला, साल सोलली, भुऱ्याला हाक मारली आणि चिकू उंच उडवला. भुऱ्याने तो हवेत झेलला. टाळ्या. दुसरा उडवला, तोही झेलला. तिसऱ्याला तो जरासा खोकला. लोक हसले, मीही हसले, आणि चिकूचे गुण सांगणारं छोटंसं भाषण करून स्कूटरवर बसले.

सोमवारी सकाळी रमणभाईंचा फोन. कुत्रा पिसाळलाय, इंजेक्शन घेऊन या. कुठलं इंजेक्शन ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जाऊन बघते तर शेड रिकामं. बायका ओट्यावर चढून बसलेल्या, तोडणीची माणसं हातात लांब काठ्या घेऊन उभी. दूर, भुऱ्या त्याच्या झाडाला बांधलेला. तोंड उघडं, बंदच होत नाही. लाळेची दोरी जमिनीपर्यंत. मान खाली घालून पंजाने तोंड ओरबाडत होता आणि घशातून घरघर येत होती. त्याच्यापासून चार हातांवर लखमी बसलेली. बाकी कुणी जवळ नाही. गेल्या वर्षी शेजारच्या गावात कुत्रा चावून एक माणूस गेला होता, त्याची आठवण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती.

रमणभाई म्हणाले, "डॉक्टरबेन, लवकर करा. कोण शेडमध्ये पाय टाकत नाय. तुम्ही नाय केलं तर ही लोकं काठीने करेल."

आता थोडं समजावून सांगते. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धावून येणारा कुत्रा येतो. पण या रोगाचा दुसरा एक प्रकार असतो, गप्प. त्यात कुत्रा धावत नाही. जबडा लुळा पडतो, तोंड उघडं राहतं, लाळ गळते, गिळता येत नाही. मालकाला वाटतं घशात हाड अडकलंय, तो प्रेमाने हात घालतो, आणि जीव गमावतो. आमच्या सरांनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की परीक्षेचं सगळं विसरले तरी हे विसरले नाही: तोंड उघडं पडलेल्या अनोळखी आजाराच्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. बांधून ठेवायचा, माणसांना दूर ठेवायचं, दहा दिवस लक्ष ठेवायचं.

मी सगळ्यांना तेच सांगितलं. मारायचं नाही, दहा दिवस असाच बांधून ठेवायचा. रमणभाईंनी कपाळावर हात मारला. महालक्ष्मीची जत्रा तोंडावर आलीय, त्यात अर्धी माणसं विवळवेढ्याला जातील, आणि आता उरलेली अर्धी या कुत्र्यापायी घरी बसणार, असं ते दोन्ही भाषांत बोलले.

लखमी उठली. रडली नाही, ओरडली नाही, हात जोडले नाहीत. मला म्हणाली, "बाय, इकडं ये." आणि मला झाडाच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली, जिथून ओटा दिसत नव्हता.

तिथे, भुऱ्याची दोरी पोचणार नाही इतक्या अंतरावर, बियांचा ढीग होता. काळ्या, चकचकीत, चपट्या बिया. काही जुन्या धुळीने करड्या पडलेल्या, काही ताज्या. शेकड्यांनी असतील. मी विचारलं, हे काय? तिने खाली बसून एक पडलेला चिकू उचलला, जमिनीवर ठेवला, त्यावर तळहात टेकवला आणि भुऱ्या कसा खातो ते करून दाखवलं. पंजा ठेवायचा, दाताने फाडायचा, गर चाटायचा. बी तिथंच राहते.

"माझा भुऱ्या बी गिळत नाय," ती म्हणाली. "जमिनीवरचा खातो तवा पाय ठेवतो. काल तू वरून टाकलास. वरून आलेल्यावर त्याने पाय कसा ठेवायचा?"

मला तिसरा चिकू पुन्हा दिसला, आणि तो खोकला ऐकू आला.

लखमी पुढे म्हणाली, "शेडमधून बघितलं मी. तिकडं नाय बोलले."

एवढंच. पलीकडे तीस माणसं होती. एक वाक्य मोठ्याने बोलली असती तर तिच्या कुत्र्यावरचा संशय माझ्यावर आला असता आणि काठ्या खाली झाल्या असत्या. ती मला आडोशाला घेऊन आली. माझी लाज तिने चारचौघांत काढली नाही, माझ्या हातात आणून दिली, आणि तिचं काय करायचं ते माझ्यावर सोडलं.

मी प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या मनात पहिला विचार आला तो दहा दिवसांचा. नियम माझ्या बाजूने होता. बांधून ठेवायला सांगून मी स्कूटरवर बसले असते तर कुणीही मला बोल लावला नसता. दहा दिवस पुरे व्हायच्या आत भुऱ्या तहानेने मेला असता, लोक म्हणाले असते पिसाळलाच होता, आणि रविवारचा खेळ कुणाला आठवला नसता. लखमीला सोडून. आणि लखमी बोलली नसती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

भीतीही होती. बी अडकलेली असेल म्हणून रोग नसेलच असं थोडंच आहे? आम्ही जनावरांचे डॉक्टर आधीच लस घेऊन ठेवतो, तरी ती लाळ बघून मी माझ्या लशीची तारीख मनात पुन्हा मोजली. बैलाने मला शेणात फेकलंय, डुकरिणीने पिटाळलंय, पण त्या सकाळी घाबरले तशी कधी घाबरले नव्हते.

मी शेडसमोर परत आले. म्हटलं, मला याचा घसा बघायचाय. गुंगीचं इंजेक्शन देईन, मग दोन माणसं लागतील, एक वरचा जबडा फडक्याने ओढून धरायला, एक खालचा. हातमोजे मी देते. लखमी पुढे आली. दुसरं कुणी हललं नाही. काठ्या धरलेली माणसं आपापल्या काठ्यांकडे बघू लागली.

मग मी ते बोलले. प्रेक्षक होतेच, पण या वेळी आवाज काही केल्या वर लागेना.

"काल याला चिकू मी टाकले. सोलून, पण बिया न काढता. तीन टाकले. बहुतेक माझीच बी याच्या घशात आहे."

ओट्यावरच्या एका म्हातारीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघींनी पदर तोंडाला लावले. रमणभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या वर केल्या. "तो मग आधी बोलायचं ने, बेन," ते म्हणाले. "कुठला जबडा माझा?"

त्यांना वरचा दिला.

लांब दांड्याच्या फासात मान धरून मांडीत इंजेक्शन दिलं. भुऱ्या दहा मिनिटांत आडवा झाला. आम्ही तिघांनी दुहेरी हातमोजे घातले, मी डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडकं बांधलं, दोघांच्याही तोंडावर बांधलं. जबड्यांत फडकी अडकवून दोघांनी दोन्हीकडे ओढलं. मी टॉर्च मारला. जीभ बाजूला केली. आत खोल, जिभेच्या मुळाशी, काहीतरी काळं चमकलं. माझ्या आयुष्यात सोन्याचा दागिना बघून मला इतका आनंद झालेला नाही.

लांब चिमट्याने बी पकडली आणि ओढली. आली नाही. पुन्हा ओढली. झोपेतही भुऱ्याचा घसा आवळला आणि बाजूने रक्ताचा थेंब आला.

"ओढू नको," लखमी म्हणाली. तिचे दोन्ही हात खालच्या जबड्यात गुंतलेले, ती हनुवटीने दाखवत होती. "बीला नखी असते एका अंगाला. ती रुतली. आधी आत ढकल थोडी, मग फिरव, मग काढ."

हजारो चिकू मी खाल्ले होते. बिया ताटाच्या कडेला काढून ठेवल्या होत्या. त्या बीला एका बाजूला बारीक आकड्यासारखं टोक असतं, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. लखमीच्या हातांनी ते रोज पाहिलेलं होतं. मी श्वास धरला, बी केसभर आत ढकलली. घरघर थांबली, म्हणजे श्वासही थांबला. रमणभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागले. मी चिमटा पाव वळसा फिरवला आणि वर उचलला.

बी आली. पाठोपाठ लांब, ओला, मोकळा श्वास आला.

दीड तासाने भुऱ्याने डोकं उचललं. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, जणू दार नीट लागतंय का बघत होता. लखमीने पाण्याचं भांडं काठीने पुढे सरकवलं आणि तो प्यायला. ओट्यावरून बायका एकेक करून खाली उतरल्या. रमणभाई म्हणाले, डॉक्टरबेनने काय बारीक काम केलं. मी म्हटलं, काम लखमीचं, उपद्व्याप माझा.

तेव्हा लखमी त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "बायचा नेम चांगला हाय," ती सगळ्यांना म्हणाली. "तीन टाकले, तीनही तोंडात."

सगळं शेड खो खो हसलं, टाळ्याही वाजल्या. इतक्या मोठ्या टाळ्या मला स्नेहसंमेलनातही मिळाल्या नव्हत्या.

लखमीने सकाळी उघड्या हाताने त्याची लाळ पुसली होती. मी तिला त्याच दुपारी स्कूटरवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं आणि लस सुरू केली. ती म्हणाली, बी निघाली ना, मग सुई कशाला? मी म्हटलं, आज माझं एवढं ऐक. दहा दिवसांचा नियमही मी सोडला नाही. भुऱ्या तिच्या अंगणात बांधलेला राहिला आणि मी रोज कैनाडला जाऊन त्याला लांबून बघून आले. पहिले तीन दिवस तो माझ्याकडे पाठ करून बसायचा. चौथ्या दिवशी उभा कान माझ्याकडे वळला. मला तेवढंही पुरलं.

दहाव्या दिवशी तो ठणठणीत होता. लखमीने दोरी सोडली. भुऱ्या आला, माझे बूट हुंगले, हात हुंगला. लखमीने घरातून एक पिकलेला चिकू आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, दे.

मी चिकू फोडला. तिच्या नजरेसमोर चारही बिया काढल्या. एक फोड जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले.

भुऱ्याने फोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मागच्या पायांवर बसला, मान वर केली आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. शेपटी जमीन झाडत होती. तोंड उघडं, डोळे चमकतायत, सगळं अंग उडी घ्यायला तयार.

"बघ," लखमी म्हणाली. "सवय तू लावलीस. आता तूच मोड."

मी माझ्या दवाखान्यात फोन केला आणि सांगितलं की कैनाडला एक अवघड केस आहे, वेळ लागेल. मग अंगणात मांडी घालून बसले, दोन्ही हात पाठीमागे लपवले, आणि भुऱ्याने खाली बघायची वाट बघू लागले.